स्टेशनाबाहेरचे गाव

मराठी वाङ्मयाचा नकाशा काढायचे कोणी मनावर घेतले, तर त्याला गावांची उणीव भासणार नाही. श्री. ना. पेंडशांच्या 'गारंबीचा बापू'ने (१९५२) कोकणातले गारंबी आपल्या ओळखीचे करून दिले. व्यंकटेश माडगूळकरांच्या 'बनगरवाडी'ने (१९५५) माणदेशातल्या धनगरांच्या वाडीत आपल्याला मुक्कामाला नेले. मुंबईची तर आपल्या लेखकांनी गल्ली न् गल्ली पायाखाली घातली आहे. पु. ल. देशपांड्यांची 'बटाट्याची चाळ' (१९५८), जयवंत दळवींचे 'चक्र' (१९६३), भाऊ पाध्ये यांचा 'वासूनाका' (१९६५), नारायण सुर्व्यांचे 'माझे विद्यापीठ' (१९६६) ही नावे घेतली की चाळ, झोपडपट्टी, नाका आणि गिरणगाव डोळ्यांपुढे उभे राहतात. पण याच नकाशावर बोट टेकवून आपण पूर्वेकडे सरकू लागलो आणि ठाण्याची खाडी ओलांडली, की बोटाखाली एकाएकी कोरा कागद लागतो. वास्तविक तेथे कोरे असे काही नाही. एकट्या कल्याण-डोंबिवली महापालिकेच्या हद्दीत २०११ च्या जनगणनेत साडेबारा लाखांच्या आसपास माणसे मोजली गेली. त्यांत मराठी बोलणारा, मराठी पुस्तके वाचणारा, दर दिवाळीला वाचनालयात अंकांसाठी नंबर लावणारा वर्ग मोठा आहे. हा अंक हाती घेतलेल्या वाचकांपैकी पुष्कळांची घरे तिथेच असतील. मग साहित्यात हे गाव का नाही?

हा प्रश्न गावाच्या अभिमानापोटी विचारलेला नाही. ज्या अनुभवात लाखो मराठी कुटुंबांची साठ-सत्तर वर्षे गेली, त्याकडे आपल्या साहित्याने कसे पाहिले, एवढेच मला पाहायचे आहे. उदाहरणादाखल मी डोंबिवली घेतो.

डोंबिवली हे नाव जुने आहे, पण आजचे शहर आगगाडीने जन्माला घातले. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी गेली आणि १ मे १८५४ रोजी ती खाडी ओलांडून कल्याणला पोचली. वाटेत भाताची खाचरे आणि आगरी-कोळ्यांच्या वस्त्या होत्या. गाडीला तेथे थांबण्याचे कारण नव्हते. डोंबिवलीला स्टेशन मिळाले ते त्या शतकाच्या उत्तरार्धात. पुढे गाड्या विजेवर चालू लागल्या, तेव्हा त्या विजेसाठी रेल्वेने शेजारीच चोळ्याला वीजघर उभारले. तरीही गाव लहानच राहिले. १९२४ साली येथे श्रीगणेश मंदिर संस्थान स्थापन झाले, तेव्हाची वस्ती एकमेकांना नावाने ओळखण्याइतकीच असणार.

गाव फुगले ते स्वातंत्र्यानंतर, आणि त्याचे कारण डोंबिवलीत नव्हे, मुंबईत शोधावे लागते. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने मुंबईतली भाडी जागच्या जागी गोठली. भाडेकरूला आधार मिळाला, पण नवी चाळ बांधून भाड्याने देण्यात कोणाला स्वारस्य उरले नाही. जुन्या खोलीला पागडी आली. एका खोलीत दोन भावांचे संसार पडद्याने वेगळे झाले आणि तिसऱ्याच्या लग्नाची बोलणी सुरू झाली, की घरात जागेचा विषय निघू लागला. तेव्हा कोणीतरी म्हणे, डोंबिवलीला जागा स्वस्त आहे, गाडी थेट आहे आणि पास परवडतो. मुंबईतल्या जागेचा भाव आणि रेल्वेच्या मासिक पासाचा भाव यांच्यामधल्या फरकावर हे शहर उभे राहिले. मालकी हक्काच्या ब्लॉकांसाठी १९६३ साली कायदा झाला. साठीच्या दशकात औद्योगिक वसाहत आली. १९८३ साली कल्याण-डोंबिवली महापालिका झाली. भोवतालची २७ गावे तेव्हा तिच्यात घेतली गेली, २००२ साली वगळली गेली आणि २०१५ साली पुन्हा घेतली गेली. आज त्या बाजूला खासगी नगरांचे मनोरे उभे आहेत, आणि कधी काळी जिथे आवणी होत होती तिथे 'पोडियम गार्डन' आहे.

हा एवढा मोठा उलथापालथीचा काळ. त्याची चाहूल मराठी लेखकांना लागलीच नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. चाहूल लागली, पण ती आगगाडीची.

कुसुमाग्रजांच्या 'विशाखा'मधली (१९४२) 'आगगाडी आणि जमीन' ही कविता आपण शाळेत पाठ केली. जमीन विनवते, गाडी तिला हिणवते आणि मदात धावत राहते. अखेर जमीन थरथरते, पूल कोसळतो आणि गाडीचा गर्व खाली येतो. सत्ताधारी आणि पायदळी तुडवलेले यांचे हे रूपक त्या काळाला साजेसे होते आणि आजही त्यातला आवेश ओसरलेला नाही. पण डोंबिवलीचे वास्तव या रूपकात बसत नाही. येथे गाडीने जमीन तुडवली नाही, तिला भाव आणून दिला. स्टेशनापासून किती मिनिटांवर, यावर एकेका खाचराची किंमत ठरू लागली. ज्याच्या बापाने त्या खाचरात भात लावला त्याने सात-बाऱ्यावर सही केली, पैसे घेतले, त्यांतून घर बांधले, मुलाला रिक्षा घेऊन दिली. आणि एके दिवशी त्याच्या लक्षात आले, की आपल्याच गावात आपण आता 'गाववाले' नावाची एक वेगळी जमात झालो आहोत. येथे गाडीही दुष्ट नाही आणि जमीनही नुसती दीन नाही. दोघींनी मिळून जे केले त्यात लाभ कोणाचा आणि हानी कोणाची, हे सांगणे सोपे नाही. कादंबरीला याहून चांगला विषय कोणता हवा? गावठाणातल्या त्या शेतकऱ्याची कथा आगरी बोलीत, तिच्या ठसक्यानिशी, मोठ्या ताकदीने लिहिली गेलेली माझ्या वाचनात नाही.

मर्ढेकरांनी अभंगाचा घाट घेऊन चाकरमान्याचा दिवस लिहिला. सकाळचा चहा, विजेची गाडी, कचेरीतली लाचारी, सारे त्यात आले. संतांच्या छंदात कारकुनाची दिनचर्या बसवताना त्यांनी जो उपरोध साधला, त्याला तोड नाही. उपनगरी माणसाच्या आयुष्यात घड्याळ हाच देव होऊन बसला आहे, हे मर्ढेकरांना फार आधी दिसले. पण त्यांनंतर मराठीत या विषयाची एक ठरीव चाल पडून गेली. लोकल आली की गर्दी आली, घाम आला, चौथी सीट आली, भजनी मंडळ आले, आणि बायकांच्या डब्यात भाजी निवडणारी बाई आली. ती बाई आपल्या कथा-कवितांतून इतक्या वर्षांत इतक्या वेळा भाजी निवडून गेली आहे, की तिला उतरल्यावर कुठे जायचे असते हे विचारायचे आपण विसरलो. मीही त्या गाडीने पुष्कळ वर्षे प्रवास केला. गाडीतली माणसे स्टेशनावर उतरली की नाहीशी होत नाहीत. उलट, तोवर दडवून ठेवलेले त्यांचे खरे आयुष्य तेथून सुरू होते.

'बटाट्याची चाळ' हे पुस्तक या संदर्भात मला विशेष महत्त्वाचे वाटते. पु. लं.नी चाळकऱ्यांच्या फजित्यांनी आपल्याला पोट धरून हसवले, आणि शेवटच्या चिंतनात ते हसू हळूहळू मावळत नेले. तेथे उरते ती एक हुरहुर: हे सामायिक जगणे सरत चालले आहे. ही हुरहुर पुढच्या मराठी साहित्याने आणि रंगभूमीने फार जपली. चाळ गेली, माणुसकी गेली, ब्लॉकची दारे बंद झाली, हे आपण इतक्यांदा ऐकले की ते आपल्याला सिद्धान्तासारखे वाटू लागले. माझा आक्षेप येथे आहे. चाळीतून सामान भरून जो टेंपो निघाला, त्याला निरोप द्यायला आपले साहित्य दारापर्यंत आले, डोळे पुसले आणि माघारी वळले. टेंपोबरोबर कोणी गेले नाही. पलीकडे काय झाले हे न पाहताच तेथे माणुसकी नाही असा निकाल देऊन आपण मोकळे झालो. पु. लं.नी पुढे मुंबईकर, पुणेकर आणि नागपूरकर यांची बहारीची स्वभावचित्रे रंगवली. त्यांत डोंबिवलीकर नाही, याचे त्या वेळी कोणाला नवल वाटले नसेल. कारण खुद्द डोंबिवलीकरच तेव्हा परगावी गेला की 'मुंबईचा' म्हणून आपली ओळख सांगत होता, 'मुंबईत कुठे?' असे खोदून विचारल्यावर मग तो स्टेशनाचे नाव सांगे.

कोणी म्हणेल, डोंबिवलीत लेखक कमी होते काय? मुळीच नाही. नवकथेच्या प्रवर्तकांत ज्यांची गणना होते ते पु. भा. भावे उत्तरायुष्यात डोंबिवलीत राहिले. गावाने त्यांचे नाव एका सभागृहाला देऊन ते जपले आहे. शं. ना. नवरे तर डोंबिवलीकरच. २०१३ साली ते गेले तेव्हा गावाला घरचे माणूस गेल्यासारखे वाटले. २०१७ च्या फेब्रुवारीत ९० वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनही येथेच भरले. पण लेखकाने गावात राहणे वेगळे आणि गावाने लेखनात राहणे वेगळे. भाव्यांची प्रतिभा आवेशाची, भावनेच्या टोकाशी जाणारी. नळाला पाणी किती वाजता येते, असल्या प्रश्नांत ती रमणारी नव्हती. नवऱ्यांचे तसे नाही. मध्यमवर्गीय घरातला जिव्हाळा, नवरा-बायकोतली रुसवी-फुगवी, म्हाताऱ्यांचे एकटेपण हे त्यांनी ज्या हळुवारपणे टिपले, त्यात उपनगरातल्या दोन-खोल्यांच्या ब्लॉकची हवा नक्की आहे. त्यांची कथा वाचताना घर मनात ठसते, दिवाणखान्यातल्या खुर्च्यादेखील दिसतात. मात्र दाराबाहेरचा चिखलाचा रस्ता, शेजारचे गावठाण, खाडीचा वारा हे त्या मानाने पुसट राहतात. हा नवऱ्यांचा दोष म्हणता येणार नाही. त्यांना माणसाचे मन हवे होते आणि ते त्यांनी दिले. पण त्यांनंतर दाराबाहेर पाऊल टाकणारे कोणी यायला हवे होते.

ते काम काही अंशी चित्रपटाने केले. निशिकांत कामत यांच्या 'डोंबिवली फास्ट'ने (२००५) गावाचे नाव सर्वत्र पोचवले. बँकेत काम करणारा माधव आपटे, त्याचा डबा, त्याची गाडी, त्याची खुर्ची आणि पुन्हा तीच गाडी, हे चक्र सुरुवातीला पुन्हापुन्हा आणि वाढत्या वेगाने दाखवले आहे. त्या काही मिनिटांत जे साधले ते कित्येक कादंबऱ्यांना साधलेले नाही. मर्ढेकरांच्या उपरोधाला येथे चेहरा मिळाला. पण आपट्याचा संताप फुटतो तेव्हा चित्रपट व्यवस्थेच्या, भ्रष्टाचाराच्या प्रश्नाकडे वळतो आणि शेवट गाडीतच होतो. शीर्षकात गाव आहे, पण ते गाडीचे नाव म्हणून. आपटे जेथे झोपतो त्या गावाशी त्याचे काही देणेघेणे आहे का, हे कळत नाही. त्याची बायको मात्र दिवसभर तेथेच असते. तिच्या बाजूने ही गोष्ट सांगितली असती तर ती कशी दिसली असती, असा विचार मनात आल्याशिवाय राहत नाही.

२०२२ साली आदित्य सरपोतदारांचा 'झोंबिवली' आला. हा भुताखेतांचा, म्हणजे चावऱ्या प्रेतांचा, विनोदी चित्रपट. गंभीर समीक्षकाने त्याकडे पाहू नये अशी एक समजूत आहे. मला मात्र त्यात एक गोष्ट आढळली, जी पुष्कळ गंभीर कृतींत आढळत नाही. त्यात उंच इमारतींचे नवे संकुल आहे, त्याच्या भिंतीला लागून झोपडवस्ती आहे, आणि दोहोंमधला वाद पाण्यावरून आहे. डोंबिवलीची आजची कथा ही भिंतीची आणि पाण्याची कथा आहे, हे त्या थट्टेच्या चित्रपटाने ओळखले. त्याच्या कथेत माणसे गाडीने कुठे जात नाहीत. जे व्हायचे ते गावातच होते. माझ्या मते हा लहान वाटला तरी महत्त्वाचा बदल आहे.

या साऱ्यावर एक आक्षेप अपेक्षित आहे. उपनगराला व्यक्तिमत्त्वच नसते, मग लेखकाने लिहावे काय? एकसारख्या इमारती, एकसारखे जिने, फेरीवाल्यांनी अडलेले स्टेशन; या गावात आणि पुढच्या गावात फरक तो काय? हा आक्षेप वरवर खरा वाटतो. पण व्यक्तिमत्त्व पाहणाऱ्याच्या डोळ्यांवरही अवलंबून असते. गोविंद नारायण माडगांवकरांनी 'मुंबईचे वर्णन' प्रसिद्ध केले ते १८६३ साली, पहिली आगगाडी धावून जेमतेम दहा वर्षे झाली असताना. मुंबईदेखील त्या वेळी ठिकठिकाणच्या माणसांची, घाईने वाढणारी, जुन्या शहरांच्या मानाने उपरीच वस्ती होती. माडगांवकरांनी तिला व्यक्तिमत्त्व आहे की नाही याची चौकशी करीत बसण्यापेक्षा तिचे बाजार, धंदे, देवळे, रस्ते आणि चालीरीती नेटाने टिपल्या. आज त्या जुन्या मुंबईला जे रूप आहे, त्यातला मोठा वाटा त्या टिपण्याचा आहे.

आणि डोंबिवलीत टिपण्यासारखे थोडे नाही. दिवाळीच्या पहाटे फडके रोडवर तरुण मुलामुलींची जी गर्दी लोटते, ती कोणी आमंत्रण देऊन बोलावलेली नसते. नवे कपडे घालून, गणपतीचे दर्शन घेऊन एकमेकांना भेटण्यासाठी सारे गाव रस्त्यावर येते. गुढीपाडव्याची नववर्ष स्वागतयात्रा १९९९ साली याच गावात सुरू झाली आणि पाहता पाहता गावोगाव पोचली. चाळीचे अंगण आणि चाळीचा गणपती सोडून आलेल्या माणसांनी नव्या गावात आपले अंगण असे पुन्हा घडवून घेतले. माणुसकी ब्लॉकच्या दाराआड संपली, हा आपल्या साहित्याचा निकाल येथे तपासून पाहायला हवा होता.

हे गाव घडवले कोणी? माझे म्हणणे येथे येऊन थांबते. आपल्या साहित्याने उपनगराचा नायक म्हणून गाडीत चढणारा पुरुष निवडला, कारण लिहिणारा बहुधा स्वतःच त्या गाडीत होता. पण सकाळी साडेआठपासून रात्री आठपर्यंत गाव त्याचे नव्हतेच. ज्या काळात रस्ते कच्चे होते, वीज जात होती आणि पाण्याला वेळ नव्हती, त्या काळात रॉकेलच्या रांगेत उभ्या राहिलेल्या, शाळेत मुलांना प्रवेश मिळावा म्हणून खेटे घालणाऱ्या, भिशी आणि भजनी मंडळे चालवणाऱ्या, शेजारणीच्या बाळंतपणात धावून जाणाऱ्या बायकांनी, मागे राहिलेल्या सासू-सासऱ्यांनी आणि शाळेतल्या मास्तरांनी हे गाव उभे केले. पुढे बायकाही नोकरीला निघाल्या आणि दोन्ही टोके त्यांच्याच हाती आली. गाडीत बसलेल्यांवर आपण शेकड्यांनी ओळी लिहिल्या; प्लॅटफॉर्मवरून घराकडे वळलेल्यांवर फार थोड्या.

याचा परिणाम नुसता वाङ्मयीन नाही. जे गाव झोपण्यापुरते आहे अशी समजूत सर्वांनी करून घेतली, ते गाव तसेच बांधले गेले. रासायनिक कारखाने आणि राहती घरे एकमेकांना खेटत गेली. २०१६ आणि २०२४ सालच्या मे महिन्यांत तेथे जे स्फोट झाले, त्यांत माणसे गेली. ९ जून २०२५ रोजी मुंब्र्याजवळ खच्चून भरलेल्या गाड्यांतून माणसे रुळांवर पडली, त्यांतली काही दगावली. अशा बातम्या चार दिवस राहतात. साहित्याने स्फोट थांबत नाहीत, हे मला कळते. पण ज्या जागेची प्रतिमा मनात पक्की असते, तिच्याविषयी माणूस हट्टाने भांडतो. जी केवळ उतरण्याची जागा असते, तिच्याविषयी तो कुरकुर करतो आणि पुढची गाडी पकडतो.

घाई करावी असे दुसरेही एक कारण आहे. साठी-सत्तरीच्या दशकात गिरगाव, दादर, परळ सोडून येथे आलेली पहिली पिढी आता थकली आहे. स्टेशनाबाहेर टांगे होते की नव्हते, पहिल्या पावसाळ्यात चिखलातून ऑफिसचे बूट पिशवीत घालून कसे जावे लागे, ब्लॉकच्या पहिल्या हप्त्यासाठी कोणाच्या बांगड्या मोडल्या, हे सांगणारी माणसे वर्षागणिक कमी होत आहेत. आणि गावठाणातल्या ज्या म्हाताऱ्याने शेवटचे खाचर विकले, त्याच्याशी बोलायला तर कोणी अजून गेलेच नाही. त्यांची नातवंडे आज याच गावाला आपले गाव म्हणतात. त्यांना दुसरे गाव नाही. उद्या त्यांच्यापैकी कोणी लेखणी उचलेल, तेव्हा आपल्या आजीने काय पाहिले हे त्याला कोणाला विचारावे लागेल?

म्हणून माझी वाचकांना एक विनंती आहे. फराळाच्या निमित्ताने चार दिवस घर भरलेले असेल. घरातल्या थोरांना या सुट्टीत विचारा, आपण येथे का आलो, कसे आलो आणि आलो तेव्हा येथे काय होते. ते जे सांगतील ते एका वहीत उतरवून ठेवा. उद्याच्या कादंबरीकाराला त्याची गरज पडणार आहे.